कोलारची सोनखाण आणि मागे राहिलेली वस्ती : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात दक्षिणेतील जुन्या उद्योगवस्त्यांविषयी लिहिताना कर्नाटकातील कोलार गोल्ड फील्ड्सचा, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या केजीएफचा, चार ओळींत उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रे आली की या वेळचा स्तंभ त्याच एका गावाला द्यावा असे ठरवले. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : हे गाव आता पूर्ण ओसाड पडले असून तेथे कोणी राहत नाही असे ऐकले. खरे आहे का? ते नेमके कोठे आहे? (एक वाचक, सांगली)

गाव ओसाड नाही. हे आधीच स्पष्ट सांगावेसे वाटते, कारण एखाद्या गावाला एकदा ओसाड म्हणून टाकले की तेथे राहणाऱ्या माणसांची विचारपूस करण्याचे कोणाला कारण उरत नाही, आणि केजीएफच्या बाबतीत गेली पंचवीस वर्षे हेच होत आले आहे. २०११ च्या जनगणनेत या नगराची लोकसंख्या १ लाख ६० हजारांहून अधिक नोंदली गेली. ओसाड झाली आहे ती खाण, आणि खाणीसाठी वसवलेला भाग.

बेंगळुरूपासून पूर्वेला साधारण १०० किलोमीटरवर, कोलार जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या माळावर हे नगर आहे. आंध्र प्रदेशाची सीमा तेथून अगदी जवळ आणि तमिळनाडूही फार लांब नाही. चेन्नई-बेंगळुरू लोहमार्गावरील बंगारपेट जंक्शनपासून एक छोटा फाटा निघतो आणि कोरमंडल, उरगाम, चॅम्पियन ही स्थानके घेत मारिकुप्पमला संपतो. हा फाटा १८९४ साली केवळ खाणींसाठी टाकला गेला. नावे पाहिली की नगराची रचना कळते : उत्तरेकडून दक्षिणेकडे खाणी एका रेषेत, प्रत्येक खाणीभोवती तिची वस्ती, आणि बाजूला रॉबर्टसनपेट व अँडरसनपेट या बाजारपेठा. बाजारपेठा आजही गजबजलेल्या आहेत. त्या मागे टाकून खाणींकडे वळले की शाफ्टवरचे, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरींवरचे, गंजलेले लोखंडी मनोरे, छपरे उडालेली यंत्रघरे, बाभळींनी वेढलेले साहेबांचे बंगले आणि कुलुपे लागलेली कार्यालये दिसू लागतात.

मारिकुप्पमच्या फलाटावर मी एकदा पहाटे उभा होतो. उजाडायला बराच अवकाश होता आणि तरीही गाडी जवळजवळ भरली होती. डबे घेतलेल्या बाया खिडकीला डोके टेकून झोपल्या होत्या, तरुण मुले दाराशी बसली होती, दोन बाकांच्या मधल्या जागेत वर्तमानपत्र अंथरून कोणी आडवे झाले होते. ही सगळी माणसे बेंगळुरूला कामाला निघाली होती. जाताना दोन-सव्वादोन तास, येताना तेवढेच, आणि असे वर्षानुवर्षे. ज्या गावाला आपण ओसाड म्हणतो ते दिवसा रिकामे दिसते, त्याचे एक कारण ही गाडी आहे.

प्रश्न : सोने तेथेच का सापडले? आपल्या सह्याद्रीत का नाही? (भूगोलाचे शिक्षक, नाशिक)

दख्खनच्या पठाराचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. कोलारचा खडक त्याच्यापुढे फारच वृद्ध : सुमारे २७० कोटी वर्षांचा. उत्तर-दक्षिण ८० किलोमीटर लांब आणि रुंदीला जेमतेम तीन ते सहा किलोमीटर असा काळपट हिरव्या खडकांचा हा पट्टा आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नाइस व ग्रॅनाइट हे फिकट रंगाचे खडक पसरलेले आहेत. हा हिरवा खडकही मुळात लाव्हाच, पण पाण्याखाली थिजलेला. केजीएफजवळ पेद्दपल्ली येथे उशा रचून ठेवल्यासारखे त्याचे गोलाकार लोळ उघड्यावर दिसतात, आणि ती जागा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपलेली आहे.

पुढे भूकवचाच्या हालचालींत हा पट्टा दाबला गेला, त्याला उभ्या भेगा पडल्या, आणि खोलवरून चढलेल्या तप्त द्रावणांनी त्या भेगांत गारगोटी व तिच्यासोबत सोने साठवले. अशा शिरांतली सर्वांत श्रीमंत शीर म्हणजे चॅम्पियन लोड. जमिनीवर ती सुमारे आठ किलोमीटर लांबीपर्यंत खणली गेली, जाडी मात्र बहुतेक ठिकाणी मीटरभराच्या आसपास. ती पश्चिमेकडे झुकत जवळजवळ सरळ खाली उतरते. म्हणून कोलारची खाण पसरली नाही, ती खोल गेली.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सह्याद्रीच्या लाव्ह्यात असे सोने शोधण्यात अर्थ नाही. विदर्भात नागपूर-भंडाऱ्याकडे जुने खडक उघडे आहेत आणि तेथे सोन्याच्या किरकोळ नोंदी झाल्या आहेत, पण त्यांची कोलारशी तुलना होणार नाही.

प्रश्न : ही खाण इंग्रजांनी शोधली असे पुस्तकांत असते. त्याआधी तेथील लोकांना सोने ठाऊक नव्हते काय? (निवृत्त शिक्षिका, सातारा)

ठाऊक होते, आणि इंग्रजांना ते त्यांच्याकडूनच कळले. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर म्हैसूर राज्याची पूर्व सीमा आखण्याचे काम लेफ्टनंट जॉन वॉरन याच्याकडे आले. १८०२ साली त्या कामावर असताना त्याच्या कानावर सोन्याच्या गोष्टी आल्या, आणि माहिती देणाऱ्याला त्याने बक्षीस जाहीर केले. उरगामचे गावकरी बैलगाड्यांत माती भरून त्याच्यापुढे आले. त्यांनी ती माती त्याच्यासमोर पाण्यात धुतली आणि तळाला सोन्याचे कण उरले. सराफ पेठेतली धूळ धुऊन त्यातले सोने काढणारे झारेकरी आपल्याकडे होते, त्यांचेच हे काम, फक्त येथे ते शेताच्या मातीवर चाले. मारिकुप्पमजवळच्या जुन्या खड्ड्यांचे वर्णनही वॉरनने केले आहे : पुरुष खाली उतरून दगड फोडत, टोपल्या हातोहात वर येत, आणि बाया तो दगड कांडून त्याची पूड धूत.

वॉरनचा वृत्तान्त छापला गेला आणि पडून राहिला. न्यूझीलंडमधील माओरी युद्धातून परतलेला मायकल लॅव्हेल नावाचा आयरिश शिपाई बेंगळुरूच्या छावणीत स्थायिक झाला होता. तो वृत्तान्त त्याच्या वाचनात आला, आणि १८७१ साली तो बैलगाडीने कोलारला पोहोचला. म्हैसूरचा कारभार त्या वेळी ब्रिटिश कमिशनरांच्या हाती होता. लॅव्हेलला १८७५ पर्यंत खाणीचा परवाना मिळाला, पण खोल खणण्याइतके भांडवल त्याच्याजवळ नसल्याने त्याने आपले हक्क लवकरच इतरांना विकले. १८८० साली लंडनची जॉन टेलर अँड सन्स ही कंपनी आली. तिचेही पहिले काही वर्षांचे पैसे पाण्यात गेले, भागधारक कंटाळले, आणि काम गुंडाळण्याची भाषा सुरू झालेली असताना १८८३ च्या सुमारास म्हैसूर खाणीत चॅम्पियन लोड हाती लागली. ही शीर जुन्या देशी खड्ड्यांच्या खालीच होती. पाण्यामुळे आणि साधनांअभावी ज्या खोलीवर आधीच्या लोकांना थांबावे लागले, तेथून पुढे कंपनीचे खरे काम सुरू झाले. म्हणून माझ्या मते शोधाचे श्रेय उरगाम-मारिकुप्पमच्या गावकऱ्यांकडे जाते. कंपनीने आणले ते भांडवल आणि यंत्रे.

प्रश्न : खाणीत काम करणारे लोक कोण होते? त्यांच्याविषयी काहीच वाचायला मिळत नाही. (एक वाचक, नागपूर)

आपल्या प्रश्नाबद्दल आभार, कारण पत्रांच्या ढिगात हा प्रश्न विचारणारे आपण एकटेच आहात.

खाण कन्नड मुलखात असली तरी तिच्यात उतरणारे बहुसंख्य मजूर तमिळ होते. उत्तर अर्काट जिल्ह्यातून, दुष्काळ आणि जमीनदारांच्या वेठीला कंटाळून, प्रामुख्याने अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील कुटुंबे येथे आली. त्यांच्या जोडीला चित्तूरकडचे तेलुगू भाषक होते, आणि देखरेखीच्या जागांवर युरोपियन व अँग्लो-इंडियन. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खाणींवर काम करणाऱ्यांची संख्या तीस हजारांच्या घरात पोहोचली होती. आजही केजीएफच्या गल्ल्यांत तमिळच कानावर पडते.

साहेबांसाठी उतरत्या छपरांचे बंगले, क्लब आणि गोल्फचे मैदान होते, आणि हवा थंड असल्याने ते या जागेला छोटे इंग्लंड म्हणत. मजुरांसाठी ‘लाइनी’ होत्या. बांबूच्या तट्ट्यांची एकेक खोली, एकाला एक लागून, आणि त्या एका खोलीत सगळा संसार. आपल्याकडील ‘तट्ट्या’ हाच शब्द थोड्या फरकाने तेथेही वापरात होता. पाळी संपवून वर येणाऱ्या प्रत्येकाची सोन्याच्या चोरीच्या संशयाने झडती होई. १९३० साली मजुरांची नोंद बोटांच्या ठशांनी करण्याचे ठरले, तेव्हा हा आपल्याला गुन्हेगारांच्या पंक्तीत बसवण्याचा प्रकार आहे असे म्हणून हजारो मजुरांनी काम बंद केले आणि तो संप सुमारे तीन आठवडे चालला.

खाली काय होते ते थोडे सांगतो. चॅम्पियन रीफ खाण शेवटी सुमारे ३.२ किलोमीटर खोल गेली. कळसूबाईच्या उंचीची जवळजवळ दुप्पट एवढी ही खोली, म्हणजे खाणीचा तळ समुद्रसपाटीच्याही दोन किलोमीटरहून अधिक खाली. तेथे खडकाचे तापमान साठ अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि वरून थंड हवा सोडल्याशिवाय माणूस उभा राहू शकत नाही. वरच्या खडकाचा भार इतका असतो की पोकळ झालेल्या भागात भिंत एकाएकी फुटते. कोलारमध्ये अशा खडकस्फोटाची पहिली नोंद १८९८ सालची आहे, आणि त्यानंतर त्यांनी शेकडो जीव घेतले. एका निवृत्त कामगाराने मला सांगितले की मांडणीवरची भांडी खणखणली की आई चुलीसमोरून उठून दारात यायची आणि शाफ्टच्या भोंग्याकडे कान लावून उभी राहायची. त्यांच्या वडिलांची पाळी चालू असेल तर ती वडील परत येईपर्यंत आत जात नसे. बोलताना ते मधूनमधून थांबत होते, कारण त्यांची फुप्फुसे गारगोटीच्या धुळीने खाल्लेली होती. सिलिकोसिस हा आजार त्या गावात घरोघरी ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. तमिळ दलित विचारवंत पंडित अयोत्तीदास यांनी मद्रासकडे सुरू केलेल्या शाक्य बौद्ध चळवळीची मुळे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मारिकुप्पम व चॅम्पियन रीफच्या मजुरांत रुजली. तेथे बौद्ध संघ स्थापन झाले, विहार उभे राहिले, मुलांसाठी शाळा चालल्या. नागपूरच्या १९५६ च्या धर्मांतराच्या जवळजवळ अर्धशतक आधी, दिवसभर जमिनीखाली राबणारी ही माणसे बुद्धवंदना करत होती. आपल्याकडील बौद्ध चळवळीच्या इतिहासात त्यांची दखल यापेक्षा कितीतरी जास्त घेतली जायला हवी.

प्रश्न : केजीएफला बेंगळुरूच्या आधी वीज आली हे खरे का? (निवृत्त वीज अभियंता, ठाणे)

खरे आहे. कावेरीवरील शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्रातून ३० जून १९०२ रोजी केजीएफला वीज पोहोचली. दिवाण के. शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत ही योजना आखली गेली आणि तिच्यासाठी सुमारे १४७ किलोमीटर तारा ओढल्या गेल्या. एवढ्या लांब अंतरावर वीज नेण्याचे काम त्या काळी जगातही मोजक्याच ठिकाणी झाले होते. बेंगळुरूचे रस्ते १९०५ साली उजळले, आणि आपल्या खोपोलीच्या केंद्रातून मुंबईला वीज मिळायला १९१५ उजाडले. अर्थात ही वीज पाणी उपसणाऱ्या पंपांसाठी, दगड कांडणाऱ्या मुसळांसाठी आणि माणसे व दगड नेणारे पिंजरे वरखाली करणाऱ्या यंत्रांसाठी होती. तट्ट्यांच्या खोल्यांत पुढे कित्येक वर्षे चिमण्याच जळत होत्या. पाण्याची सोयही अशीच दुरून, पालार नदीवरील बेतमंगलच्या तलावातून केली गेली.

प्रश्न : सोन्याचा भाव गगनाला भिडला असताना खाण बंद का? तेथील ढिगाऱ्यांत अजून सोने आहे म्हणतात, ते किती? (सराफ व्यावसायिक, कोल्हापूर)

आपल्या व्यवसायाच्या मापांतच सांगतो. सुरुवातीच्या काळात एक टन दगडातून ४५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ चार तोळे सोने निघत असे. शेवटी शेवटी तेच सुमारे तीन ग्रॅमवर, पाव तोळ्यावर आले. तेवढ्या पाव तोळ्यासाठी एक टन दगड तीन किलोमीटर खालून वर आणायचा, सतत पाणी उपसायचे आणि हवा थंड ठेवायची, हा खर्च दरवर्षी वाढत गेला. १९५६ साली म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ साली त्या केंद्राकडे गेल्या, आणि १९७२ पासून भारत गोल्ड माइन्स लिमिटेड ही सरकारी कंपनी त्या चालवू लागली. तोटा वाढतच राहिला आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. तोवर सव्वाशे वर्षांत या पट्ट्याने ८०० टनांहून अधिक सोने दिले होते, म्हणजे जवळजवळ सात कोटी तोळे. पंप थांबले तसे शाफ्ट पाण्याने भरत गेले. भाव वाढला म्हणून उद्या पुन्हा उतरू म्हणता येत नाही, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

ढिगाऱ्यांविषयी. दगडाची पूड करून तिच्यातले सोने सायनाइडच्या द्रावणात विरघळवून घेतल्यावर जो चुरा उरे, तो खाणीशेजारी टाकला जाई. असे १३ ढिगारे गावात आहेत, मिळून ३ कोटी टनांहून अधिक चुऱ्याचे. गावकरी त्यांना सायनाइडचे डोंगर म्हणतात. जवळून पाहिले तर ते फिकट राखाडी, पिठासारख्या मऊ चुऱ्याचे आहेत. पावसाने त्यांच्या कडांना उभ्या घळी पाडल्या आहेत, आणि बोटाने स्पर्श केला तरी कड ढासळते. चैत्र-वैशाखातल्या वाऱ्यात ती पूड घरांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, जेवणाच्या ताटात येते. या चुऱ्यात टनामागे साधारण पाऊण मासा (मासा म्हणजे तोळ्याचा बारावा भाग) सोने शिल्लक असल्याचा अंदाज आहे. तो धरला तर सर्व मिळून वीस-बावीस टन होतात. ढिगाऱ्यांतून ते काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला कर्नाटक मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये संमती दिली. काम होईल तेव्हा होवो, पण ते करताना उडणाऱ्या धुळीचा बंदोबस्त आणि स्थानिकांना रोजगार या दोन अटी कागदावर असाव्यात आणि प्रत्यक्षात पाळल्या जाव्यात. हा चुरा ज्यांच्या बापजाद्यांनी वर आणला, तीच माणसे आज तो श्वासावाटे आत घेत आहेत.

प्रश्न : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने सोन्याच्या खाणीत प्रयोग केले होते. खाणीतच का? (विज्ञान शाखेचा विद्यार्थी, मुंबई)

अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांचा मारा पृथ्वीवर अखंड चालू असतो. न्यूट्रिनो हा कण जवळजवळ कशाशीच आंतरक्रिया करत नाही, त्यामुळे त्याची एखाददुसरी खूण या गदारोळात हरवून जाते. दोन-अडीच किलोमीटर खडक डोक्यावर घेतला की बाकीचे बहुतेक कण अडतात आणि न्यूट्रिनो तेवढे आरपार येतात. त्या काळात एवढी खोल जागा देशात फक्त कोलारला होती. कुलाब्याच्या या संस्थेतील एम. जी. के. मेनन, बी. व्ही. श्रीकांतन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपान व इंग्लंडमधील शास्त्रज्ञांच्या सोबतीने चॅम्पियन रीफ खाणीत सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर यंत्रणा उभारली, आणि १९६५ साली वातावरणात निर्माण झालेल्या न्यूट्रिनोंच्या पहिल्या खुणा तेथे नोंदल्या गेल्या. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील एका सोनखाणीतही दुसऱ्या गटाला असेच यश मिळाले. पुढे १९८० च्या दशकात अणुकेंद्रातील प्रोटॉन या कणाचा ऱ्हास होतो का हे तपासण्यासाठी तेथे १४० टनांची यंत्रणाही बसवली गेली. ती सारी सामग्री पिंजऱ्यातून खाली पोहोचवणारे, जोडायला मदत करणारे आणि शास्त्रज्ञांना सुखरूप वर आणणारे हात खाणकामगारांचे होते.

प्रश्न : तेथे जायचे असल्यास काय पाहावे? (एक वाचक, पुणे)

बेंगळुरूहून सकाळची गाडी घेऊन उरगाम किंवा चॅम्पियन स्थानकावर उतरावे. शाफ्ट व यंत्रघरांच्या आवारात परवानगीशिवाय प्रवेश नाही, आणि सायनाइडच्या ढिगाऱ्यांवर चढू नये, कारण कड केव्हाही सरकते आणि पावसाळ्यात घळींत पाणी धावते. रस्त्यावरून मनोरे, जुने बंगले आणि लाइनी दिसतात. लाइनींत लोक राहतात, म्हणून छायाचित्र काढण्याआधी विचारावे. थोडेसे तमिळ येणारा सोबती असेल तर फार बरे, कारण दारात बसलेली म्हातारी माणसे शाफ्टचे नाव घेतले की आपणहून बोलू लागतात. परतताना संध्याकाळी सहानंतर बंगारपेटला थांबावे. बेंगळुरूहून येणारी गाडी तेव्हा फलाटाला लागते, आणि सकाळी गेलेले सगळे लोक तिच्यातून घरी जात असतात.